आपोआप मागे येणारी फिरकी

लास नाल्कास, नदीकाठ
९ मार्च १९६३

मेव्हण्या ओनोफ्रे,

तू पाठवलेली नवी रायफल खेचरवाल्या मेलितोनच्या खेचरांवरून धड पोचली. दिसायला अगदी नवरीसारखी आहे. पण नेम म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कुंपणाच्या खांबाला जुन्या कॅलेंडरचं पान लावतो, शंभर पावलांवर उभा राहतो आणि गोळी झाडतो. एक गोळी पानाच्या कोपऱ्यात, दुसरी खांबात, तिसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक. तू तर म्हणालास, तुझ्या दुकानातून निघाली तेव्हा ती सरळ मारत होती. मग वाटेत काय झालं हिला? जुनी कार्बाइन नदीत गेली तेव्हा मी इतका रडलो नव्हतो. निदान ती जिथे बघायची तिथे मारायची तरी.

ही थट्टा नाही. मेंढ्यांवर टपलेली प्यूमा मादी आहे, पायाच्या ठशावरून म्हातारी वाटते. म्हातारी म्हणजे आळशी, आणि आळशी म्हणजे मेंढ्यांवरच जगणारी. गेल्या महिन्यात अकरा नेल्या. ऑक्टोबरात कोकरं येतील. तोवर ही जिवंत राहिली तर आमचा कळप संपला समज. मग मी आणि तुझी बहीण तुझ्या दारात येऊन लाकडं फोडू.

काय करू ते लवकर कळव.

क्लोदोमिरो

(दादा, लिहिणारी मी, रोसेन्दा. याला अक्षरओळख नाही हे तुला माहीतच आहे. तो सांगतो तसं लिहिते. अक्षर माझं, शिव्या त्याच्या. त्यातल्या निम्म्या मी गाळल्यात.)


कोयाइके
२८ मार्च

क्लोदो,

रायफलीला शिव्या देण्याआधी तिला जरा तपासून बघ. दुकानात येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच म्हणतो, "हिच्यात खोट आहे." आणि दहातल्या आठांची खोट एका स्क्रूत निघते.

दुर्बीण ज्या कड्यांनी नळीवर बसवली आहे त्यांचे स्क्रू बघ. खेचराच्या पाठीवर आठ दिवस हादरे बसले तर माझेसुद्धा स्क्रू ढिले होतील. मग दस्त्याच्या खालचे दोन मोठे स्क्रू आवळ. उभं राहून झाडू नकोस, तू काही लग्नातला फोटो काढत नाहीयेस. ओटचं पोतं जमिनीवर टाक, त्यावर रायफल टेकव, पालथा पड आणि मग झाड. एकाच खोक्यातली काडतुसं वापर. दोन गोळ्यांच्या मध्ये नळी गार होऊ दे, एक कप माते चहा पिऊन होईल इतकी.

पाच गोळ्या झाड आणि भोकं कुठे पडली ते सांग. दोष रायफलीचा असेल तर भोकंच सांगतील.

रोसे, शिव्या गाळू नकोस. या दुकानात करमणूक कमी आहे.

ओनोफ्रे


लास नाल्कास
१९ एप्रिल

मेव्हण्या,

पुढचा स्क्रू खरंच ढिला होता. नखाने फिरत होता! तुला मानलं. आवळला. पोत्यावर पालथा पडून झाडल्या. आता गोळ्या खांब सोडून जात नाहीत, पानावरच पडतात. पण सगळ्या खाली आणि डावीकडे. म्हणून दुर्बिणीवरची नेम सरकवायची फिरकी फिरवली, आठ टिक वर, सहा टिक उजवीकडे. मग पडल्या मधोमध. म्हटलं चला, जमलं. तुझ्या बहिणीने कणकेच्या तोर्ता तळल्या, आम्ही खाल्ल्या.

नंतर चार दिवस बैल घेऊन वरच्या रानात लाकडं आणायला गेलो. रायफल घरीच ठेवली, वर ओझं कशाला. रविवारी परत झाडून बघितलं तर पुन्हा सगळ्या खाली आणि डावीकडे! मी फिरकी फिरवलीच नव्हती जणू. पुन्हा फिरवली, पुन्हा मधोमध. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला वेड लागेल.

आणि काडतुसं. खोक्यात मोजून ठेवतो आणि ती कमी भरतात. उंदीर शिसं खातात का रे?

या पंधरवड्यात अजून तीन मेंढ्या गेल्या.

क्लोदोमिरो

(आई कशी आहे? कंबर?)


कोयाइके
६ मे

क्लोदो,

उंदीर शिसं खात नाहीत. तुला मोजता येत नाही.

बाकीच्या कोड्याचं उत्तर मला वाटतं पावसात आहे. इथे कोयाइकेला हवा कोरडी. तुमच्या खोऱ्यात दगडसुद्धा फुगतो. दस्त्याचं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि नळीला खालून ढकलायला लागतं. ज्या दिवशी जास्त पाऊस त्या दिवशी जास्त ढकलणार. मग गोळी एका रविवारी इथे, दुसऱ्या रविवारी तिथे.

तपासायचं असं. एक पातळ कागद घे, बिस्किटाच्या पुड्याचा चालेल. नळी आणि लाकूड यांच्या फटीत टोकाकडून सरकव आणि मागे मागे ओढत ने. कुठे अडकला तर तिथे लाकूड टेकतंय. एका काठीला पॉलिशपेपर गुंडाळ आणि तेवढी जागा घास, अगदी थोडी. मग आतून बाहेरून जवसाचं तेल लाव, म्हणजे लाकूड पुन्हा पाणी पिणार नाही.

आईची कंबर दुखते आणि तोंड चालतं. म्हणजे बरी आहे.

ओनोफ्रे


लास नाल्कास
२४ मे

मेव्हण्या,

कागद मध्यावर अडकला. तू जादूगार आहेस. घासलं, तेल लावलं, आता कागद सुरळीत जातो. माझ्या हाताला अजून तेलाचा वास येतो आणि तुझी बहीण मला अंथरुणात जवळ येऊ देत नाही.

(हे मी लिहिणार नव्हते. त्याने अक्षरं मोजली आणि म्हणाला, एवढंसंच कसं झालं, तू काहीतरी गाळलंस.)

पण ओनोफ्रे, तरीही खाली आणि डावीकडे. फिरकी फिरवतो, मधोमध येतात. आठवडा जातो आणि पुन्हा खाली डावीकडे. लाकूड नाही, स्क्रू नाही. मग काय उरलं?

परवा प्यूमा दिवसाढवळ्या मेंढवाड्याच्या दारापर्यंत आली होती. मी घरी नव्हतो. कोर्बाता भुंकून भुंकून घसा बसवून बसलाय, पण बाहेर पडला नाही. हा कुत्रा मी लांडग्याच्या वंशाचा म्हणून आणला होता.

रायफल मेलितोनबरोबर परत पाठवतोय. तूच बघ.

क्लोदोमिरो


कोयाइके
१२ जून

क्लोदो,

मला वाटलं होतं दुर्बिणीच्या आतली स्प्रिंग मेली आहे आणि फिरकी फिरवलेल्या जागी काही राहत नाही. म्हणून तुझी रायफल शिकंज्यात धरून झाडली, पोत्यावर ठेवून झाडली. फिरकी वर नेली, खाली आणली, परत जागेवर आणली. जागेवर म्हणजे जागेवरच. पाच गोळ्यांची भोकं एका कपाच्या बुडाखाली झाकली जातात. मी तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय आणि तुझ्या या रायफलीला मला काहीही झालेलं सापडत नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये. खोट सापडली असती तर बरं झालं असतं.

रायफल परत पाठवतोय. आता ऐक. दोन्ही फिरक्यांवर मी लाल रंगाची बारीक रेघ ओढली आहे, अर्धी फिरकीवर, अर्धी दुर्बिणीच्या अंगावर. रेघ सरळ जुळलेली दिसली तर फिरकी माझ्या जागेवर आहे. तुटलेली दिसली तर कुणीतरी हात लावलाय. गोळी कुठेही पडो, चंद्रावर पडो, फिरकीला हात लावायचा नाही. आणि ती कॅलेंडरची पानं मला पाठव, बघू दे भोकं.

ओनोफ्रे


लास नाल्कास
२ जुलै

मेव्हण्या,

हे पत्र बायकोकडून लिहून घ्यायला मला लाज वाटतेय, पण दुसरं कोण आहे इथे? आधी तिला म्हणालो, लिहू नको. मग म्हणालो, लिही.

तुझ्या रेघेला मी हात लावला. लावायचा नव्हता, पण लावला. पहिल्याच रविवारी पाचही खाली डावीकडे. रागाच्या भरात फिरकी फिरवली, तेवढीच, आठ आणि सहा. लाल रेघ तुटली, माझ्या डोळ्यांनी बघितली. रायफल खुंटीला टांगली आणि वरच्या रानात गेलो.

परत आलो. खुंटीवरून काढली. ओनोफ्रे, रेघ जुळलेली! सरळ, एका धाग्यासारखी. जशी तू ओढलीस तशी.

रोसेन्दाला दाखवली. म्हटलं, "हे बघ, ही आपोआप मागे आली." ती म्हणाली, "लोखंड थंडीत आकसतं." लोखंड आकसतं हे मलाही माहीत आहे, पण आठ टिक? मेलितोन म्हणतो त्याच्या काकाकडे अशीच एक बंदूक होती, मेलेल्या माणसाची, ती नव्या मालकाला मानत नव्हती. त्यांनी ती चर्चच्या पायऱ्यांवर नेऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. इथून चर्च चार दिवसांवर आहे.

नवी बंदूक मेलेल्या माणसाची कशी असेल? तू ती कुणाकडून घेतलीस? खरं सांग.

पानं पाठवतोय.

क्लोदोमिरो


कोयाइके
१८ जुलै

क्लोदो,

बंदूक थेट कारखान्यातून आलेली आहे, तिला तुझ्याआधी फक्त मी आणि खेचराने हात लावलाय. चर्चला जाऊ नकोस. तू आपला पोत्यावर झाडत राहा. एक बदल कर, काडतूस तू भरू नकोस, रोसेन्दाला भरू दे. तुझे हात गारठलेले असतात. बाकी मी विचार करतोय.

ओनोफ्रे

[याच पाकिटात, वेगळ्या कागदावर]

रोसे, हा कागद वाचून दाखवायचा नाही. विचारलं तर सांग, आईच्या कंबरेचं आहे.

पाच पानं आली. चार चाळणीसारखी आहेत, भोकं सैरावैरा, पण झुकलेली खाली डावीकडे. पाचव्या पानावर, एप्रिलच्या, भोकं एका जागी गोळा झालेली आहेत, कपाच्या बुडाएवढी. ही एका माणसाची पानं नाहीत. आणि तुमच्या खोऱ्यात तुम्हा दोघांखेरीज माणूस नाही. लहानपणी छपरावर बसून ससे कोण मारायचं ते मला आठवतं. ते पान तू चुकून घातलंस असं मी समजत नाही.

तुझं कारण तू सांगशील तेव्हा सांग. आधी एक काम कर. रायफल तू भर. दोनदा खरं काडतूस भर, तिसऱ्यांदा रिकामी पुंगळी भर. मग कधी एकदा, कधी लागोपाठ. त्याला कळता कामा नये. रिकामी असेल तेव्हा धक्का नसतो, धूर नसतो, आवाज नसतो. त्या क्षणी नळीचं टोक काय करतं ते बघ. आणि त्याचे डोळे बघ.


लास नाल्कास
५ ऑगस्ट

दादा,

हे माझं पत्र. तो समोर बसलाय, काय लिहितेय ते त्याला माहीत आहे.

तू सांगितलंस तसं केलं. बर्फ बाजूला सारून पोतं टाकलं. मी भरत होते, तो झाडत होता. दोन खऱ्या. मग रिकामी. त्याने चाप ओढला, नुसतं टक् झालं आणि नळी खाली डावीकडे हिसका मारून गेली, कुणी टोकाला दोरी बांधून ओढल्यासारखी. आणि दादा, त्याचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळाला आठ्या, दात आवळलेले. आवाज झालाच नाही, आणि तरीही तो तसाच पडून राहिला. मग हळूच एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं.

"रिकामी होती?"

"हो."

"कुणी सांगितलं तुला? त्याने?"

"हो."

"मग त्याला कळलं."

तो उठला आणि बर्फ झाडत बसला, विजारीवर जिथे नव्हताच तिथलाही.

तुला एक गोष्ट खोटी सांगितली होती. जुनी कार्बाइन नदीत गेली नाही, ती फुटली. गेल्या हिवाळ्यात बर्फात काठीसारखी टेकत आला, नळीच्या टोकात चिखल बसला असणार. दारात आलेल्या कोल्ह्यावर झाडली आणि ती मागे फुटली. आठवडाभर त्याला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. भुवई अजून उगवलेली नाही. म्हणाला, "तुझ्या भावाला सांगू नको. तिचा बोल्ट त्याने दुरुस्त केला होता, तो दोष आपल्याच डोक्यावर घेईल." ते मला पटलं, म्हणून गप्प राहिले. पण खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. बारा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं की बंदूक काठी नाही.

आता माझं. एप्रिलात तो वरच्या रानात असताना ती प्यूमा मेंढवाड्याच्या भिंतीवर उभी होती. मी रायफल काढली, नेम बरोबर खांद्यावर धरला, झाडली. गोळी तिच्या डोक्यावरून, उजवीकडून गेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मेंढी उचलून गेली, घाईसुद्धा केली नाही. मग मी पान लावून बघितलं तर फिरकीच फिरवलेली. मी ती माझ्यासाठी नीट केली. तो आला, त्याने त्याच्यासाठी फिरवली. तो गेला, मी परत आणली. तुझी लाल रेघ मला फार सोयीची झाली.

सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण तो पोत्यावरून उठून म्हणायचा, "रायफल वाईट आहे," आणि त्याचा चेहरा जरा हलका व्हायचा. रायफल वाईट असेल तर तो वाईट नाही ना. मी तेवढं त्याच्याकडून काढून घेणार होते? मग तू खोट शोधत राहिलास, स्क्रू, लाकूड, स्प्रिंग, आणि मी तीच पत्रं त्याला वाचून दाखवत राहिले. शेवटी फिरकी आपोआप फिरते म्हणून तो खरंच घाबरला, रायफलीला पाठ करून झोपेना. तेव्हा एप्रिलचं पान पाकिटात घातलं.

फिरकीचं सगळं मी आज सकाळी त्याला सांगितलं. त्याने खोक्यातली काडतुसं मोजली. मग म्हणाला, "म्हणजे उंदीर तू होतीस."

रोसेन्दा


कोयाइके
२० ऑगस्ट

क्लोदो,

हे रोसेला मोठ्याने वाचायला सांग, एकही शब्द गाळायचा नाही.

ज्याच्या तोंडावर बंदूक फुटली त्याचे डोळे मिटणारच. तुझ्या डोळ्यांनी ते ठरवलं, तुला न विचारता. माझ्या दुकानातला एक जण तशानंतर पुन्हा कधीच बंदुकीला शिवला नाही, आता तो मधमाश्या पाळतो आणि त्या त्याला चावतात. तू पुन्हा पोत्यावर पडलास, रविवारी रविवारी, पाच पाच गोळ्या. मला हे जमलं नसतं.

बोल्टबद्दल मी रात्रभर विचार केला. तो मी नीट बसवला होता, असं वाटतं. पण तू फुटलेले तुकडे पाठव, मला बघायचेत. तुम्ही दोघांनी मला जपलंत, ठीक आहे, पुन्हा जपू नका.

आता एवढं कर. महिनाभर खरी काडतुसं थोडीच, रिकाम्या पुंगळ्या जास्त. रोसेने भरायचं. कानात लोकर घाल. चाप हळू दाब, अंडं फोडायला बघतोस तसा नाही, कोवळं अंडं हातात धरतोस तसा. आणि प्रत्येक वेळी झाडून झाल्यावर मोठ्याने सांगायचं, चाप सुटला तेव्हा दुर्बिणीतली नेमाची फुली कुठे होती. दिसली नसेल तर "दिसली नाही" म्हणायचं. कुठे लागली याची पर्वा नको. दिसली की नाही, एवढंच.

फिरकीला दोघांनीही हात लावायचा नाही.

ओनोफ्रे


लास नाल्कास
२९ सप्टेंबर

मेव्हण्या,

तुझी बहीण म्हणते, महत्त्वाचं आधी सांग. मी तेच करतोय. मधे बोलू नकोस म्हटलंय तिला.

(मी काहीही बोललेले नाही.)

महिनाभर "दिसली नाही, दिसली नाही" करत राहिलो. एखादी म्हातारी जपमाळ ओढते तसं. पुंगळी रिकामी असली तरी डोळे मिटायचे. मग कधीतरी एकदा म्हणालो, "उजव्या कोपऱ्यात होती." रोसेन्दा म्हणाली, "खरी गोळी होती ती." मी ऐकलाच नव्हता आवाज. पण पुढचीला पुन्हा मिटले. असं चालू होतं, कधी दिसायची, कधी नाही.

परवा सकाळी दव गोठलेलं, कोर्बाता मेंढवाड्याकडे तोंड करून गुरगुरायला लागला. बाहेर आलो तर ती वरच्या खडकांत, तोंडात मेंढी, मेंढी अजून पाय झाडतेय. मी पोतं ओढलं, पालथा पडलो. रोसेन्दाने काडतूस भरलं. मी विचारलं, "खरं की रिकामं?" ती म्हणाली, "मूर्खा, झाड!"

नेमाची फुली तिच्या खांद्यावर ठेवली. हळू दाबलं.

ओनोफ्रे, मला सगळं दिसलं. फुली खांद्यावरून सरकून वर जाताना दिसली. चाप सुटला, धक्का बसला, आणि तिच्या पाठीच्या वर, हातभर वर, खडकाचा पांढरा टवका उडाला. धूळ उडाली. ती धूळ वाऱ्याने डावीकडे गेली. सगळं, उघड्या डोळ्यांनी. मी ओरडलो, "चुकली! चुकली! मी बघितली!" असा ओरडलो की रोसेन्दाला वाटलं मला पुन्हा काहीतरी लागलं.

(तो नाचत होता, दादा. प्यूमा मेंढी टाकून पळत होती आणि हा पोत्यावर उभा राहून नाचत होता.)

रोसेन्दाने माझ्या हातातून रायफल घेतली. मीच दिली, हे नीट लिही, ओढून घेतली नाही, मी दिली. प्यूमा वरच्या धारेवर थांबली, मागे वळून बघायची त्यांची खोड असते ना तशी. पुढचं मला सांगता येणार नाही. आवाज ऐकला तेवढाच. रोसेन्दा म्हणाली, "पडली." मी म्हटलं, "हो का." मी अजून त्या टवक्याकडेच बघत होतो.

मग दोघं वर गेलो. ती प्यूमाकडे गेली, म्हातारीच निघाली, दोन सुळे तुटलेले. मी आधी खडकाकडे गेलो. टवका उडालेल्या जागी बोट घातलं. दगड आतून कोरा होता, पांढराशुभ्र, आणि अजून कोमट.

क्लोदोमिरो